नाम की क्रियापद? इंग्रजीतल्या दुहेरी शब्दांची पार्श्वभूमी

मराठी शाळेतल्या मुलाच्या शब्दार्थाच्या वहीत 'बुक – पुस्तक', 'वॉटर – पाणी', 'हँड – हात' अशा जोड्या पहिलीपासून साठत जातात. मग एखाद्या धड्यात 'वॉटर द प्लान्ट्स' असं वाक्य येतं आणि वही तोकडी पडते. 'इथे वॉटर म्हणजे पाणी घालणे' असं सांगून शिक्षक पुढे सरकतात, वहीत आणखी एक ओळ वाढते. अशा ओळी कितीही वाढवल्या तरी पुरत नाहीत, कारण इंग्रजीत हा अपवाद नाही, तो भाषेचा स्वभाव आहे. तो स्वभाव मात्र मुळातला नाही.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नाम आणि क्रियापद दिसायला वेगळं असे. प्रेम म्हणजे 'लुवु' आणि प्रेम करणे म्हणजे 'लुवियान'. उत्तराला 'आंड्स्वारु', उत्तर देण्याला 'आंड्स्वारियान'. आपल्याकडे 'स्वीकार' आणि 'स्वीकारणे' आहेत, तसंच. नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत, क्रियापदं पुरुष-वचनाप्रमाणे बदलत. शेपूट पाहिली की शब्दाची जात कळे.

ही शेपूट हळूहळू झिजली. इंग्रजीत उच्चाराचा जोर बहुधा शब्दाच्या सुरुवातीच्या भागावर पडतो, त्यामुळे शेवटचे स्वर पुटपुटल्यासारखे होत गेले. नवव्या शतकापासून उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये स्कॅन्डिनेव्हियातून आलेले लोक स्थायिक झाले. दोघांच्या भाषांचे धातू जवळचे होते, प्रत्यय मात्र वेगळे. एकमेकांशी बोलताना धातू टिकले आणि प्रत्ययांवरच गदा आली, असं बरेच भाषाभ्यासक मानतात. पुढे १०६६ मध्ये नॉर्मन राजवट आली. दरबार आणि न्यायालयं फ्रेंचकडे गेली, इंग्रजीच्या लिखित वळणाला धरून ठेवणारं कोणी उरलं नाही. चौदावं शतक संपता संपता बहुतेक शेपट्या गळून पडल्या होत्या आणि 'लव्ह' हा एकच शब्द दोन्ही कामं करू लागला.

त्यानंतर दार सताड उघडं झालं. रूपात काहीच बदलायचं नसेल तर कोणत्याही नामाला क्रियापदाच्या जागी बसवायला अडचण कसली? शेक्सपिअरच्या 'रिचर्ड द सेकंड' नाटकात तर 'अंकल' हा शब्दच क्रियापद होऊन येतो; 'मला काका-बिका करू नकोस' अशा झटक्यात. 'पार्क'चा प्रवासही असाच आहे. मूळ अर्थ कुंपण घातलेलं आवार. मग सैन्याच्या तोफा आणि गाड्या ज्या आवारात लावून ठेवत ते, मग तसं लावून ठेवणं, आणि शेवटी मोटारगाडी लावणं.

गळून गेलेल्या प्रत्ययांच्या खुणा काही ठिकाणी अजून ऐकू येतात. घर या अर्थी 'हाउस' म्हणताना शेवटी 'स' येतो, पण घरात सामावून घेणे या अर्थी 'हाउझ'. जुन्या इंग्रजीत दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'स' मऊ होऊन 'झ' व्हायचा. क्रियापदाला पुढे स्वर असलेला प्रत्यय होता, नामाला नव्हता. प्रत्यय गेला, मऊपणा राहिला. 'बाथ' म्हणजे आंघोळ आणि 'बेद' म्हणजे आंघोळ करणे, 'ग्रास' म्हणजे गवत आणि 'ग्रेझ' म्हणजे चरणे, याही अशाच जोड्या. इंग्रजीचं स्पेलिंग लहरी असतं असं आपण सर्रास म्हणतो; इथे तरी ती लहर नाही.

दुसरी खूण आघाताची. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. १५७० च्या एका कोशात अशा जोड्या फक्त ३ सापडतात. १६६० पर्यंत त्या २४ झाल्या आणि १९३४ पर्यंत १५०. म्हणजे जुने प्रत्यय गमावलेल्या भाषेने फरक दाखवायची एक नवी सोय हळूहळू उभी केली. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या वर्गांत ही सोय बहुतेकदा शिकवलीच जात नाही.

भाषा अशी बदलली, पण व्याकरणाची पुस्तकं वेगळ्याच वाटेने आली. इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण विल्यम बुलोकर यांनी १५८६ मध्ये लिहिलं ते लॅटिनचा साचा समोर ठेवून. लॅटिनमध्ये शब्दाची जात त्याच्या रूपात दिसते, म्हणून 'हा शब्द नाम आहे' हे विधान तिथे खपून जातं. पाणिनीचंही तसंच. 'सुप्तिङन्तं पदम्', म्हणजे ज्याच्या शेवटी नामाचा किंवा क्रियापदाचा प्रत्यय आहे ते पद. या कसोटीवर इंग्रजीतलं सुटं 'वॉटर' पद ठरतच नाही, आणि गंमत म्हणजे इंग्रजी शिकवताना नेमकं हेच लक्षात ठेवण्यासारखं आहे: वाक्यात बसेपर्यंत त्याची जात ठरलेली नसते.

सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात नाम आणि क्रियापद यांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. ती सोय योग्यच, पण त्यामुळे एकच शब्द दोन घरांत राहतो असं वाटू लागलं. १७९५ मध्ये लिंडली मरे यांचं शालेय व्याकरण आलं आणि ते इंग्लंड-अमेरिकेत पिढ्यानपिढ्या घोकलं गेलं. वाक्यातला प्रत्येक शब्द उचलून त्याची जात सांगायची, हा त्यातला मुख्य व्यायाम.

भारतात १८३५ मध्ये मेकॉलेच्या टिपणीनंतर सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. पुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं मराठी व्याकरण प्रसिद्ध झालं. मराठी मुलं आजही शब्दांच्या आठ जाती पाठ करतात, ती मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रुजली. इंग्रजी शिकण्याची रीत मात्र भाषांतराची होती: इंग्रजी शब्द, समोर मराठी प्रतिशब्द, मग वाक्यं उलटसुलट करायची. या रीतीने कित्येक पिढ्यांना उत्तम इंग्रजी आलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 'एका शब्दाला एक अर्थ' ही सवयही तिनेच लावली.

विसाव्या शतकात शब्द मोजण्याची लाट आली. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये 'बेसिक इंग्लिश' मांडलं. एकूण ८५० शब्द, त्यांत क्रियापदं जेमतेम १८. क्रियापदांचा काच कमी करून दुहेरीपणाला बगल द्यायची, असा तो डाव. कागदावर देखणा आहे, पण नेहमीचं बोलणं त्यात बसत नाही. ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम केलेले मायकेल वेस्ट यांची दिशा मला जास्त पटते. बंगाली मुलांना शिकवताना त्यांना शब्दांच्या निवडीचं महत्त्व उमगलं. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सुमारे २००० शब्दांच्या यादीत प्रत्येक शब्दाच्या कोणत्या अर्थाचा वापर शेकडा किती होतो, तेही दिलं होतं. शब्द सोपा की अवघड याऐवजी 'या शब्दाचा कोणता अर्थ आधी शिकवावा' हा प्रश्न त्यामुळे समोर आला. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या मागे असलेल्या शब्दयाद्यांत हा तपशील क्वचितच दिसतो.

१९५२ मध्ये चार्ल्स फ्राइझ यांनी टेलिफोनवरची खरी संभाषणं तपासून इंग्रजी वाक्यरचनेचं पुस्तक लिहिलं. नाम, क्रियापद हे शब्दच त्यांनी बाजूला ठेवले. वाक्याच्या चौकटीत रिकामी जागा सोडायची. तिथे जे शब्द बसतात तो एक वर्ग, बस्स. पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एक चित्र दाखवलं. भांड्यात काहीतरी भुसभुशीत, आणि हात ते मळताहेत. 'सिब' हा बनावट शब्द 'सिबिंग' म्हणून ऐकवला की मुलं पुढच्या तीन चित्रांतून क्रियेचं चित्र निवडत, 'अ सिब' म्हटलं की बहुतेक भांड्याचं, आणि 'सम सिब' म्हटलं की आतल्या पदार्थाचं. शाळेत जाण्याआधीच इंग्रजी मुलं शब्दाच्या अवतीभवतीच्या खुणा वाचतात. 'अ' किंवा 'द' आधी असेल तर वस्तू, 'टू' किंवा 'कॅन' असेल तर क्रिया. आपण या बारक्या शब्दांना 'त्याला मराठीत अर्थ नाही' म्हणून उडवून लावतो आणि मग मूल गोंधळतं म्हणून त्रासतो.

मराठी मुलाला हे परकं असतं असंही नाही. 'वाट' म्हणजे रस्ता, आणि 'पेढे वाट', 'चटणी वाट' यांत क्रिया. 'मान' दुखते, 'मान' मिळतो आणि 'माझं ऐक, मान' असंही आपण म्हणतो. 'लाटणं' पोळपाटाशेजारी पडलेलं असतं आणि पोळ्या लाटणं हे कामही असतं. कोणतंही मूल यात अडखळत नाही, कारण वाक्य पुरेसं बोलतं. उलट इंग्रजी शब्द मराठीत घेताना आपण 'करणे' जोडून त्याची जात स्पष्ट करतो: तिकीट बुक करणे, गाडी पार्क करणे. 'बुक'चे दोन अर्थ मुलाला शाळेआधीच ठाऊक असतात, फक्त शब्दार्थाच्या वहीला ठाऊक नसतात.

सरावपुस्तकं मात्र एक घोळ अजून घालतात. 'वॉटर', 'हँड', 'बटर' यांत नाम आणि क्रियापद एकाच शब्दाची दोन कामं आहेत. एक कळलं की दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. 'बेअर' म्हणजे अस्वल आणि 'बेअर' म्हणजे सोसणे, 'सॉ' म्हणजे करवत आणि 'सॉ' म्हणजे पाहिलं, 'कॅन' म्हणजे डबा आणि 'कॅन' म्हणजे शकणे, हे निव्वळ योगायोगाने सारखे झालेले निरनिराळे शब्द. झाडाची साल असलेला 'बार्क' स्कॅन्डिनेव्हियातून आला, कुत्र्याचं भुंकणं जुन्या इंग्रजीतलंच. पहिल्या गटात मुलाला तर्क करायला लावावा, दुसऱ्या गटात तर्क चालत नाही, ते सरळ लक्षातच ठेवावं लागतं. एकाच तक्त्यात दोन्ही कोंबले की तर्क करणाऱ्या हुशार मुलाचीच जास्त पंचाईत होते.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून होतं. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते पहिलीपासून आलं. पाचवीचं मूल व्याकरणाची भाषा थोडीफार पेलतं, सहा वर्षांच्या मुलाला 'नाम' आणि 'क्रियापद' हे शब्दच नवे. त्यामुळे पहिलीत ऐकून करायच्या सूचनांवर भर असतो, आणि दुहेरी शब्दांसाठी ती जागा सोयीची आहे. आज्ञा देताना इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषा क्रियापदाचं नुसतं मूळ रूप वापरतात: 'नाच', 'खेळ', 'वाट', 'डान्स', 'प्ले', 'वॉटर द प्लान्ट'. मूल उठून झारी उचलतं, तेव्हा त्याला दुसरा अर्थ वहीत लिहून द्यावा लागत नाही.