चालायला लागलेल्या मुलाची कार सीट: तोंड मागेच राहू द्या
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

'वर्षाचा झाला, आता सीट सरळ करायची ना, म्हणजे तोंड पुढे?' आमच्याकडे येणारे बरेचसे आईवडील बसता बसता हाच प्रश्न विचारतात. आमचं उत्तर ठरलेलं आहे: इतक्यात नको. सीटच्या लेबलावर मागे तोंड करून बसण्यासाठी जी उंची आणि वजन लिहिलंय, त्यात मूल मावतंय तोवर त्याला तसंच बसू द्या. सीट बदलायचीच असेल, तर मागे तोंड ठेवून आणखी दोन-तीन वर्षं चालेल अशी घ्या. ती कशी निवडायची आणि गाडीत कशी पक्की बसवायची, ते या पत्रकात आहे. आमच्याकडून सीट घेतली नसेल तरी वाचा.

एवढा आग्रह का

गाडी समोरून धडकली की गाडी थांबते, आतली माणसं मात्र आधीच्याच वेगाने पुढे जात राहतात. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. एखादी वस्तू साधारण १० मीटर उंचीवरून खाली पडली, तर जमिनीवर आदळताना तिचा वेग एवढा असतो. मांडीवरचं मूल हातांनी धरून ठेवू असं वाटत असेल, तर हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचं धड पट्टे अडवतात. डोकं अडवायला काहीच नसतं. ते पुढे फेकलं जातं आणि त्याचा सगळा ओढा मानेवर येतो. मोठ्या माणसाचं डोकं शरीराच्या वजनाच्या ६ टक्क्यांच्या आसपास असतं. नवजात बाळाचं मात्र जवळपास एक चतुर्थांश. दोन वर्षांच्या मुलाचं प्रमाण या दोन्हींच्या मधे येतं, म्हणजे धडाच्या मानाने डोकं अजून चांगलंच जड असतं. त्यात मानेचे मणके या वयात पुरते हाडाचे झालेले नसतात. त्यांचे भाग कूर्चेने जोडलेले असतात आणि ते जुळून एकसंध व्हायला वयाची साधारण तीन ते सहा वर्षं लागतात. मणक्यांना धरून ठेवणारे अस्थिबंधही सैल असतात. म्हणजे मान ताणली जाऊ शकते, पण तिच्या आतला मज्जारज्जू तेवढा ताण सोसत नाही.

तोंड मागे असलं की हाच धक्का सीटचं कवच झेलतं. पाठ, मान आणि डोकं तिन्ही एकाच वेळी कवचात दाबली जातात, मान एकटी ओढली जात नाही.

ही कल्पना नवी नाही. स्वीडनचे प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी १९६४ मध्ये अशा सीटचा पहिला नमुना तयार केला. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठ टेकून बसत, जेणेकरून सगळा दाब पाठभर पसरे. आल्डमन यांना कल्पना सुचली ती तिथून. स्वीडनमध्ये आजही मुलं साधारण चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करूनच बसतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये 'किमान दोन वर्षं' असं सांगितलं होतं. २०१८ मध्ये त्यांनी वयाची अट काढून टाकली आणि सीटची मर्यादा संपेपर्यंत तोंड मागेच ठेवा, असं म्हटलं.

'पण त्याचे पाय दुमडतात'

हो, दुमडतात. मुलं मांडी घालतात, पाय गाडीच्या सीटवर टेकवतात, कधी कवचाच्या कडेवरून खाली सोडतात. अवघडल्यासारखं आपल्याला वाटतं, कारण आपले गुडघे तसे वळत नाहीत. घरी जमिनीवर खेळताना तेच मूल कसं बसतं, ते एकदा पाहा. पायांची इजा पुढे तोंड करून बसलेल्या मुलांनाही होते, कारण धडकेत त्यांचे पाय पुढच्या सीटवर आपटतात. आणि पायाचं हाड मोडलं तर ते जुळतं. आजी-आजोबांनी हा मुद्दा काढला, तर हे पत्रक त्यांच्या हातात द्या.

दुसरी शंका असते मागून बसणाऱ्या धडकेची. तशा धडकेत बहुतेक वेळा दोन्ही गाड्या एकाच दिशेने जात असतात, त्यामुळे वेगातला फरक कमी असतो. जिवावर बेतणाऱ्या धडका जास्त करून समोरून आणि बाजूने होतात. बाजूच्या धडकेतही ब्रेक दाबलेला असेल तर मुलाचं डोकं आधी पुढे झुकतं. तोंड मागे असेल, तर ते कवचाच्या कानांमध्येच, म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या कडांमध्येच राहतं.

मूल रडतं ही तक्रार खरी आहे. त्यावर आमच्याकडे जादू नाही. मात्र लहान बाळासाठी ठेवलेला आडवा कोन चालणाऱ्या मुलालाही तसाच ठेवलेला असतो, असं पुष्कळदा दिसतं. त्याला खिडकीबाहेरचं काही दिसत नाही. पुस्तिकेत परवानगी असेल तेवढी सीट उभी केली की बरीच मुलं शांत होतात.

सीट निवडताना

आधी लेबल वाचा, रंग नंतर. युरोपीय मान्यतेच्या सीटवर नारिंगी लेबल असतं, त्यावर गोलात 'ई' आणि एक आकडा. तो आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो, दर्जाचा नाही. १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. 'ई ४ ही ई १ पेक्षा वरची' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

खरं पाहायचं ते नियमाचं नाव. 'आर ४४' हा जुना नियम वजनावर चालतो आणि ९ किलोला पुढे तोंड करायला मुभा देतो. बरीच मुलं पहिल्या वाढदिवसाच्या आसपास ९ किलोची होतात. 'वर्ष झालं की सरळ' हा समज बहुधा इथूनच आला असावा. २०१३ मध्ये आलेला 'आर १२९' उंचीवर चालतो, १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड करू देत नाही आणि त्यात बाजूच्या धडकेची चाचणी सक्तीची आहे. पण लक्षात घ्या, १५ महिने ही सगळ्यात खालची अट आहे. त्या दिवशी सीट फिरवलीच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. 'प्लस टेस्ट' ही स्वीडनची वेगळी, ऐच्छिक चाचणी आहे. तिच्यात मानेवर येणारा ताण मोजतात. ती खूण सीटवर दिसली तर आम्ही तिला मान देतो.

मग मर्यादेचा आकडा. 'चार वर्षांपर्यंत' असं खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण त्यातली मागे तोंड करून किती आणि पुढे तोंड करून किती, हे लहान अक्षरांत असतं. तेच वाचा. हल्ली गोल फिरणाऱ्या सीटची फार विचारणा होते. मुलाला बसवायला त्या खरंच सोप्या आहेत, दुखऱ्या कंबरेला तर वरदानच. एक हिशेब मात्र करून पाहा. आर १२९ मध्ये आयसोफिक्सवर (गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांत थेट अडकवायची सोय) बसणाऱ्या, स्वतःचे पट्टे असलेल्या सीटचं आणि मुलाचं मिळून वजन ३३ किलोपेक्षा जास्त चालत नाही. फिरणारी यंत्रणा जड असते. सीटच १५ किलोची असेल, तर मुलाच्या वाट्याला १८ उरतात. मूल अंगाने भरलेलं असेल तर हा आकडा लवकर गाठला जातो. गाडीच्या बेल्टने आणि खाली बांधायच्या जादा पट्ट्यांनी बसणाऱ्या काही सीट मागे तोंड ठेवून २५ किलोपर्यंत जातात. त्या बसवायला वेळ लागतो, आणि एकाच गाडीत कायम राहणार असतील तरच आम्ही त्या सुचवतो.

सगळ्यात महत्त्वाचं, सीट तुमच्या गाडीत बसली पाहिजे. मागे तोंड असलेली सीट जागा खाते. ती बसवल्यावर पुढच्या सीटवर उंच माणसाला बसून पाहू द्या. गुडघे डॅशबोर्डला टेकत असतील, तर ती सीट त्या गाडीची नाही. सीट उत्पादकाच्या यादीत तुमच्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष शोधा. स्वस्त सीट गाडीत घट्ट बसत असेल आणि महागडी डगमगत असेल, तर आम्ही स्वस्तच देऊ.

वापरलेली सीट ओळखीच्या घरातून आली असेल, पुस्तिका असेल, मुदत शिल्लक असेल आणि ती कधी अपघातात सापडलेली नाही याची घरच्यांना खात्री असेल, तर हरकत नाही. अनोळखी माणसाकडून घेऊ नका. कवचातली बारीक चीर कापडाखाली दिसत नाही.

बसवताना

समोर एअरबॅग चालू असेल, तर त्या जागेवर मागे तोंड असलेली सीट कधीच नाही. फुगणारी एअरबॅग थेट कवचाच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्यामागे आदळते. ती बंद करता येत नसेल तर विषय संपला, सीट गाडीच्या मागच्या रांगेतच बसवायची. मागची मधली जागा धडकेपासून सगळ्यात लांब असते, पण तिथे बहुतेक गाड्यांत आयसोफिक्स नसतं, मधे उंचवटा असतो, आणि सीट नीट टेकत नाही. कडेला पक्की बसत असेल तर कडेलाच बरी.

आयसोफिक्सचे दोन्ही हात आत गेले की 'कट्' असा आवाज येतो आणि खूण लालची हिरवी होते. दोन्ही बाजूंची खूण वाकून पाहा. एकच हिरवी आणि दुसरी लाल, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा आढळतं. त्यानंतर सपोर्ट लेग, म्हणजे सीटच्या तळापासून खाली येणारा आधाराचा पाय. हा पाय गाडीच्या तळावर ठाम टेकला पाहिजे, लोंबकळता नको, आणि इतका लांबही नको की सीटचा तळ वर उचलला जाईल. पायाखाली गाडीच्या तळात सामानाचा झाकणवाला कप्पा असेल, तर थांबा. धडकेत ते झाकण आत जाऊ शकतं. काही गाड्यांना त्या कप्प्यात भरायचा खास ठोकळा मिळतो. तो नसेल तर गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते पाहा, किंवा जागा बदला.

बेल्टने बसवत असाल तर बेल्ट कुठून न्यायचा, ते सीटवर रंगाने दाखवलेलं असतं. ज्या सीट दोन्ही बाजूंना तोंड करून बसतात, त्यांच्यावर मागे तोंड असतानाचा मार्ग निळा आणि पुढे तोंड असतानाचा लाल असतो. बेल्ट लावून झाला की सीटवर हाताने भार द्या आणि ढिलाई ओढून काढा. मग एक गोष्ट बारकाईने पाहा: गाडीच्या बकलचं प्लॅस्टिक सीटच्या कडेवर येऊन वाकतंय का? तसं असेल तर धडकेत ताण बेल्टवर न येता बकलवर येतो आणि ते तुटू किंवा उघडू शकतं. यावर उपाय नाही. जागा बदला, नाहीतर सीट बदला.

आता हलवून पाहा. जिथून बेल्ट जातो तिथे हाताने धरून डावीउजवीकडे आणि मागेपुढे ओढा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलू नये. मुलाच्या डोक्याकडची बाजू धरून हलवू नका, ती थोडी हलतेच, आणि त्यावरून सीट सैल आहे असं ठरवता येत नाही. आयसोफिक्सची सीटही बाजूला किंचित सरकते. खुणा हिरव्या आणि पाय टेकलेला असेल तर काळजी नको.

मूल बसवताना

इथेच सगळ्यात जास्त चुकतं, आणि सीट कितीही चांगली असली तरी इथे ती कामाला येत नाही. मागे तोंड असताना पट्टे बहुतेक सीटमध्ये खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत. मूल वाढलं की हेडरेस्ट वर घ्यायचं विसरलं जातं, म्हणून कपडे तोकडे झाले की सीटही पाहा. पट्टे कुठे पिळलेले नसावेत. घट्ट केल्यावर खांद्यापाशी पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहा. चुणी आली तर अजून सैल आहे.

जाड जॅकेट घालून पट्टे कधीच लावू नका. धडकेत जॅकेटमधली हवा दबते आणि पट्टा तेवढाच सैल पडतो. खात्री करायची असेल तर जॅकेट घालून पट्टे आवळा, मूल उतरवा, जॅकेट काढून पट्ट्यांना हात न लावता परत बसवा. मधे हात सहज जाईल. थंडी असेल तर पातळ कपड्यांवर पट्टे लावा आणि वरून पांघरूण घाला.

सीटसोबत न आलेल्या गाद्या, पट्ट्यांची मऊ वेष्टणं, मानेच्या उश्या काढून टाका. त्या सीटबरोबर चाचणी झालेल्या नसतात. पट्टे ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने पुसा, मशीनमध्ये धुऊ नका. बकल चिकट झालं तर त्यात तेल घालू नका. बिस्किटाचा चुरा गेलेला असतो, कोमट पाण्याने निघतो.

गाडीला अपघात झाला, तर सीट बाहेरून धड दिसली तरी ती बदला. अगदी हलका धक्का असेल तर उत्पादकाच्या पुस्तिकेत काय म्हटलंय त्याप्रमाणे वागा.

तपासणीला येताना

सीट आमच्याकडून घेतलेली असो वा नसो, ती नीट बसली आहे का ते आम्ही पाहून देतो. येताना गाडी, सीट आणि मूल तिन्ही घेऊन या. मुलाचं वजन आणि बूट काढून मोजलेली उंची लिहून आणा. गाडीची आणि सीटची पुस्तिका सोबत ठेवा. सीट रोज ज्यांना लावावी लागते, ती आजी असो, मावशी असो की सांभाळणाऱ्या ताई, शक्यतो त्यांनाच पाठवा. आम्ही एकदा लावून दाखवू, मग काढू आणि त्यांच्या हातून परत लावून घेऊ. आणि मुलाच्या झोपेची वेळ टाळा.