नाळेचा वेढा आणि दोन कळांमधला वेळ

नवव्या महिन्यातील सोनोग्राफीच्या अहवालात ‘बाळाच्या मानेभोवती नाळेचा एक वेढा’ अशी ओळ आली की घरात जी भीती पसरते, ती नाशिकमधील प्रत्येक प्रसूतितज्ज्ञाच्या परिचयाची आहे. गळ्याभोवती वेढा म्हणजे फास, फास म्हणजे गुदमरणे आणि म्हणून आजच्या आज सिझर, असा विचार नातेवाईक करतात. वैद्यकीय विद्यार्थी प्रसूतिकक्षातील पहिल्या पोस्टिंगला येतात तेव्हा त्यांच्याही मनात थोड्याफार फरकाने हेच चित्र असते. या चित्रात मुळातच एक चूक आहे. ती समजून घेतली, तर प्रसूतीच्या वेळी डॉक्टर निर्णय कसा घेतात, किंवा कसा घ्यायला हवा, हेही बरेचसे उलगडते.

गर्भाशयातील बाळ नाकातोंडाने श्वास घेत नाही. त्याची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि ऑक्सिजन वारेतून नाळेमार्गे थेट रक्तात येतो. त्यामुळे मानेवर दाब पडल्याने श्वास कोंडण्याचा प्रश्न उद्भवत नाही; प्रश्न असतो तो नाळेतील रक्तप्रवाह चालू आहे की नाही, एवढाच. नाळ साधारण ५० ते ६० सेंटिमीटर लांब असते. तिच्यात बाळाकडे रक्त आणणारी एक नीला आणि बाळाकडून वारेकडे रक्त नेणाऱ्या दोन रोहिणी असतात, त्यांच्याभोवती व्हार्टनची जेली नावाचा घट्ट, चिकट पदार्थ असतो आणि तिला पीळही असतो. द्राक्षबागेतील ठिबकची नळी दुमडली की पाणी तिथेच थांबते. नाळ मात्र या जेलीमुळे आणि पिळामुळे सहसा अशी दुमडत नाही. पूर्ण दिवसांच्या प्रसूतींपैकी साधारण २० ते ३० टक्के प्रसूतींत बाळाच्या मानेभोवती नाळ आढळते. बहुतेक वेळा डोके बाहेर आल्यावर डॉक्टर किंवा परिचारिका तो वेढा बोटाने डोक्यावरून काढून टाकतात आणि बाळ नेहमीसारखे रडते.

गरोदरपणी हात उंच करून कपडे वाळत घातले किंवा दोरी ओलांडली म्हणून वेढा बसतो, असे आजही अनेक घरांत सांगितले जाते. याला काहीही आधार नाही. बाळ गर्भजलात फिरते आणि नाळ लांब असते, म्हणून वेढे बसतात आणि पुष्कळदा आपोआप सुटतातही. ज्या स्त्रीने नऊ महिने त्रास सोसला, तिच्यावरच दोष टाकणारी ही समजूत मला केवळ चुकीची नव्हे, तर क्रूर वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कळा सुरू झाल्यावर नाळ खरोखर दाबली गेली, तर बाळाच्या शरीरात काय घडते? नीलेची भिंत पातळ असते, म्हणून ती आधी दाबली जाते. वारेकडून येणारे ऑक्सिजनयुक्त रक्त घटते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि ठोके क्षणभर किंचित वाढतात. दाब आणखी वाढला की रोहिण्याही बंद होतात. वारेसारखा विस्तीर्ण, कमी रोध असलेला मार्ग एकदम तुटल्यामुळे बाळाचा रक्तदाब वाढतो, मोठ्या रक्तवाहिन्यांतील दाबसंवेदक तो टिपतात आणि व्हेगस चेतातंतूमार्फत हृदयाला मंदावण्याचा संदेश जातो. ठोक्यांची सलग नोंद करणाऱ्या यंत्राच्या कागदी पट्टीवर मिनिटाला १४० असलेले ठोके काही सेकंदांत ८०-९० पर्यंत घसरतात आणि कळ ओसरली की तितक्याच झटक्यात वर येतात. पाठ्यपुस्तकांत याला ‘व्हेरिएबल डिसेलरेशन’ म्हणतात. गर्भस्थ मेंढ्यांवरील अलीकडच्या संशोधनातून असे दिसते की या घसरणीमागे दाबसंवेदकांपेक्षाही मानेतील कॅरोटिड पिंडांसारख्या ऑक्सिजन-संवेदकांचा वाटा मोठा असावा: रक्तातील ऑक्सिजन घटताच तेच व्हेगसला जागे करतात.

मार्ग कोणताही असो, ही घसरण म्हणजे बाळाने केलेला बचाव असतो. हृदय मंदावले की त्याची स्वतःची ऑक्सिजनची गरज कमी होते. त्याच वेळी हातपाय, त्वचा आणि आतड्यांकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि उपलब्ध रक्त मेंदू, हृदय व मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींकडे वळवले जाते. या कामासाठी बाळाची तयारी आधीपासूनच असते. आईच्या रोहिणीतील रक्तात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास असतो, तर नाळेतून बाळाकडे येणाऱ्या रक्तात तो जेमतेम ३०. पण गर्भाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. प्रौढांच्या हिमोग्लोबिनचा निम्मा भाग ऑक्सिजनने भरायला सुमारे २७ मिलिमीटर दाब लागतो, गर्भाच्या हिमोग्लोबिनला सुमारे २० पुरतो. म्हणजे आपल्याला जो ऑक्सिजन अत्यंत तुटपुंजा ठरेल, त्यावर बाळ व्यवस्थित जगते आणि वाढते.

मग धोका कुठे आहे? तो दोन कळांच्या मधल्या वेळेत आहे. नाळेचे काहीही असले तरी कळ जोरात असताना गर्भाशयाच्या भिंतीतून वारेकडे जाणारा आईचा रक्तप्रवाह कमी होतो, आणि कळ ओसरल्यावर तो पूर्ववत होतो. या मधल्या वेळेत बाळ ऑक्सिजनचा साठा पुन्हा भरून घेते. कळा फार जवळजवळ आल्या, म्हणजे १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त येत राहिल्या, तर हा वेळ पुरत नाही. पेशी ऑक्सिजनशिवाय ऊर्जा निर्माण करू लागतात, लॅक्टेट साचते आणि रक्त आम्लधर्मी होते. तेव्हा पट्टीवर घसरणीखेरीज इतर बदलही दिसतात: ठोक्यांची मूळ पातळी चढत जाते, घसरणीनंतर पूर्वपदावर यायला वेळ लागतो आणि शेवटी ठोक्यांमधली बारीक चढउतार, जी निरोगी बाळात मिनिटाला ५ ते २५ ठोक्यांची असते, ती सपाट होते. विद्यार्थी खोल घसरण पाहून धावत येतात. सपाट होत चाललेली रेषा त्यांच्या नजरेतून सुटते. शिकवताना मला सर्वाधिक काळजी याच गोष्टीची वाटते.

ठोक्यांची सलग नोंद ठेवण्याच्या या पद्धतीचा पाया एडवर्ड हॉन यांच्यासारख्या संशोधकांनी १९५० च्या दशकात घातला आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस सीटीजी (कार्डिओटोकोग्राफी), म्हणजे बाळाचे ठोके आणि आईच्या कळा एकत्र नोंदवणारी यंत्रे रुग्णालयांत आली. अपेक्षा अशी होती की मेंदूला इजा होऊन येणारे अपंगत्व आता टळेल. ३७ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून वेगळेच चित्र पुढे आले. ठरावीक अंतराने ठोके ऐकण्याच्या तुलनेत सलग सीटीजीमुळे नवजात बाळांना येणारे झटके जवळपास निम्मे झाले, हा खरा फायदा आहे; परंतु सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर येणारे अपंगत्व) आणि बालमृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही आणि सिझर मात्र वाढले.

असे का व्हावे, हे थोड्या आकडेमोडीने समजते. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. १००० निरोगी गर्भवतींपैकी १० बाळांना खरोखर ऑक्सिजनची गंभीर कमतरता आहे. यंत्र त्यांपैकी ९ ओळखते, पण उरलेल्या ९९० पैकी ३० टक्के, म्हणजे २९७ बाळांबाबतही संशय दाखवते. एकूण ३०६ संशयास्पद पट्ट्यांपैकी खऱ्या फक्त ९, म्हणजे ३ टक्के. आता अशा १००० गर्भवती घ्या, ज्यांच्या बाळांची वाढ खुंटलेली आहे किंवा ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे, आणि त्यांच्यातील १०० बाळे खरोखर संकटात आहेत. तेच यंत्र ९० खऱ्या आणि २७० खोट्या सूचना देईल. संशयास्पद पट्टी खरी असण्याची शक्यता २५ टक्क्यांवर जाईल. पट्टी तीच, रेषा तीच, पण अर्थ आठपट बदलला. याउलट पहिल्या गटात पट्टी स्वच्छ असलेली ६९४ बाळे आहेत, आणि त्यांत संकटात असलेले केवळ एक. म्हणजे ही चाचणी ‘सर्व ठीक आहे’ असे सांगते तेव्हा तिच्यावर बराच विश्वास टाकता येतो; ‘बिघाड आहे’ असे सांगते तेव्हा मात्र आधी समोरच्या स्त्रीकडे पाहावे लागते. एखादे नवे यंत्र किंवा संगणकप्रणाली चुका संपवेल अशी जाहिरात वाचताना, हे गणित त्या यंत्रालाही लागू आहे याचे भान ठेवावे.

म्हणून संशयास्पद पट्टी दिसल्यावर निर्णय टप्प्याटप्प्याने होतो. आईला कुशीवर वळवतात, कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिन चालू असेल तर ते थांबवतात, तिचा रक्तदाब पाहतात आणि आतून तपासणी करून नाळ खाली घसरलेली नाही ना, याची खात्री करतात. तपासताना बाळाच्या डोक्याच्या त्वचेला बोटाने हलके उत्तेजन देतात. त्यावर ठोके मिनिटाला १५ ने वाढून १५ सेकंद तसेच राहिले, तर त्या घडीला रक्त धोकादायक प्रमाणात आम्लधर्मी नसल्याचे ते चांगले लक्षण असते. पिशवीचे तोंड किती उघडले आहे, पहिली खेप आहे की दुसरी, गर्भजल स्वच्छ आहे की हिरवट, हे सारे त्याच वेळी मनात तोलले जाते. नाळ खाली आली असेल किंवा रेषा सपाट होऊन घसरण थांबतच नसेल, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता सिझर करावे लागते.

जागाही निर्णयाचा भाग असते. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील केंद्रावर सीटीजी नसेल, तरी साध्या डॉप्लरने (पोटावर धरून ठोके ऐकवणाऱ्या छोट्या उपकरणाने) पहिल्या अवस्थेत दर १५ ते ३० मिनिटांनी आणि बाळ बाहेर येण्याच्या अवस्थेत दर ५ मिनिटांनी, किमान एक मिनिट ठोके ऐकणे हीच जोखीम नसलेल्या स्त्रीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली पद्धत आहे. पण तिथून घाटरस्त्याने नाशिकला पोहोचायला लागणारा वेळ हिशेबात धरून, जी शंका शहरात अर्धा तास थांबून पाहता येते, तीच शंका तिथे १०८ ची रुग्णवाहिका लवकर बोलावण्यास पुरेशी ठरते.

नाशिकसारख्या तीर्थक्षेत्री आणखी एक दबाव असतो, तो मुहूर्ताचा. ठरवून करायचे सिझर ज्योतिषाने सांगितलेल्या वेळी व्हावे म्हणून ३९ आठवड्यांच्या आत आणले, तर बाळाला श्वसनाचा त्रास होण्याची शक्यता वाढते, कारण फुप्फुसांतील द्रव शोषला जाण्याची प्रक्रिया पुरती झालेली नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझरने झाल्या. सरकारी संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी संस्थांत ४७.४ टक्के होते. ही तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी समजावता येत नाही.

निर्णय बरोबर होता का, हे तपासण्याचीही सोय आहे. जन्मानंतर चिमटा लावलेल्या नाळेच्या तुकड्यातून रोहिणीचे आणि नीलेचे रक्त वेगवेगळे घेऊन त्यांची आम्लता मोजतात. रोहिणीतील पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ७.० च्या खाली असेल, तर बाळाने गंभीर ताण सोसलेला असतो. दोन्ही नमुन्यांत मोठा फरक दिसला, तर नाळ दाबली गेल्याचा तो पुरावा असतो. दोन्ही सारखेच बिघडलेले असतील, तर अडचण बहुधा वारेकडून आलेली असते. ज्या विभागात ही मोजणी नियमित होते, तिथे विद्यार्थ्याने आदल्या रात्रीची पट्टी आणि सकाळचा हा आकडा शेजारी ठेवून वाचावेत.