आरोग्य-आर्थिक मॉडेल : एक्सेलमधून कोडमध्ये

एखाद्या तपासणीवर, औषधावर किंवा लशीवर केलेल्या खर्चातून लोकांना किती निरोगी आयुष्य मिळते, याचा अनेक वर्षांचा हिशेब मांडणाऱ्या गणिती मांडणीला आरोग्य-आर्थिक मॉडेल म्हणतात. अशी मॉडेल बहुतेक करून एक्सेलमध्येच बांधली जात आली आहेत. अलीकडे ती आर किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषांत नव्याने लिहिली जाऊ लागली. भारतात अशा मूल्यमापनासाठी आरोग्य संशोधन विभागाच्या अखत्यारीत २०१७ पासून स्वतंत्र व्यवस्था आहे.

खानदेशातला सिकलसेल हे या कामासाठी चांगले उदाहरण ठरते. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यातील भिल्ल, पावरा समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. आई-वडील दोघेही वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. तपासणी आश्रमशाळेत करावी, गरोदर बाई आणि तिच्या नवऱ्याची करावी, की नवजात बाळाची? आधी रक्ताची स्वस्त, प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली तरच वाहक की रुग्ण हे सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी, असा क्रम ठेवल्यास खर्च किती वाचेल? ही उत्तरे मॉडेलमधून काढता येतात.

एक्सेलमध्ये दर वर्षाला एक ओळ आणि ‘निदान नाही’, ‘हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलवरचे औषध) सुरू’, ‘गुंतागुंत’, ‘मृत्यू’ अशा प्रत्येक अवस्थेला एक स्तंभ असतो. सूत्र खाली ओढताना घराचा संदर्भ जागीच धरून ठेवणारे एखादे डॉलर चिन्ह राहिले की संदर्भ घसरतो, आकडा मात्र दिसायला ठीकच असतो. त्यात तालुकावार हिशेब हवा म्हणून फाइलीच्या प्रती निघतात. नवापूरच्या प्रतीत दुरुस्त झालेली चूक चोपड्याच्या प्रतीत तशीच राहते. कोडमध्ये सूत्र एकदाच लिहायचे आणि तालुक्याचे आकडे बाहेरून द्यायचे. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद गिट या बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत राहते. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरदात १५,८४१ कोविड रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही. ते मॉडेल नव्हते, पण गुपचूप चुकण्याची खोड तीच.

वेगाचा मुद्दा फार सांगितला जातो. आकड्यांतली अनिश्चितता तपासायला मॉडेल हजारो वेळा चालवावे लागते. तिथे एक्सेलचे मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) रेंगाळतात आणि आर लवकर मोकळे होते, हे खरेच आहे. पण त्याहून मोठा लाभ म्हणजे गृहीतके वाचता येतात, आणि यादृच्छिक आकड्यांचे बीज, म्हणजे त्यांची सुरुवातीची संख्या, ठरवून दिले की दुसऱ्यालाही तेच उत्तर मिळते.

रूपांतराचा खरा घाम जुने-नवे निकाल जुळवण्यात गळतो. आधी सगळी सूत्रे कागदावर उतरवतात, मग तेच आकडे दोन्हीकडे घालून वर्षागणिक उत्तरे ताडतात. फरक निघाला तर दोष नव्या कोडचाच असतो असे नाही. गुंतागुंतीची वार्षिक शक्यता १२ टक्के असेल, तर मासिक शक्यता १२ ने भागून १ टक्का येत नाही, सुमारे १.०६ टक्के येते. जुन्या फाइलींत असा थेट भागाकार हमखास सापडतो. तो जसाच्या तसा कोडमध्ये उतरवला तर रूपांतर चोख झाले, मॉडेल मात्र चुकीचेच राहिले. म्हणून आधी जुन्याशी हुबेहूब जुळवावे आणि मगच दुरुस्ती वेगळी नोंदवून करावी.

आक्षेपही रास्त आहे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात एक्सेल उघडता येणारे पुष्कळ, आर वाचणारा विरळा. ज्याला तो वाचता येत नाही त्याच्यासाठी कोड ही बंद पेटीच. त्यामुळे चाचणीचे दर, लोकसंख्या, औषधाचा खर्च हे आकडे एक्सेलमध्येच ठेवायचे, गणित आरमध्ये करायचे आणि निकाल शायनीच्या (आरमधून वेबपान बनवणाऱ्या साधनाच्या) पडद्यावर दाखवायचे, ही तडजोड सोयीची पडते. वर्षभराच्या चाचणी-किटची खरेदी काढण्यासारखा एका पानाचा हिशेब असेल, तर कोडच्या वाटेला जाऊच नये.