बोल्ट बसले, मोटर बसेना

नेमा १७ मापाच्या (नेमा म्हणजे मोटरच्या तोंडाच्या मापांचं मानक) स्टेपर, म्हणजे ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या, मोटरसाठी काढलेला एल आकाराचा एक ब्रॅकेट माझ्याकडे होता, पण फक्त स्टेप फाइलच्या रूपात, म्हणजे एका कॅड सॉफ्टवेअरमधून (संगणकावर भागांची मॉडेलं काढायचं सॉफ्टवेअर) दुसऱ्यात आकार नेण्याच्या फाइलमध्ये. पुढे यंत्राला ताकद कमी पडू लागली आणि मोटर बदलून नेमा २३ आली. नवा ब्रॅकेट कशाला काढत बसायचं, आहे तोच मोठा करू, असं ठरवलं. मोटरच्या शेजारशेजारच्या भोकांमधलं अंतर आधी ३१ मिमी होतं, आता ४७.१४ हवं होतं. भागाकार केला, १.५२ आलं. स्केलच्या चौकटीत तो आकडा टाकला आणि थ्रीडी प्रिंटर रात्रभर चालू ठेवला. सकाळी पाहिलं तर चारही भोकं मोटरच्या भोकांशी अचूक जुळत होती. मोटर मात्र बसेना.

कारण मोटरच्या तोंडावर मधोमध एक गोल उंचवटा असतो आणि तो ब्रॅकेटच्या मोठ्या भोकात शिरावा लागतो. नेमा १७ मध्ये त्याचा व्यास २२ मिमी, नेमा २३ मध्ये ३८.१. ब्रॅकेटचं मधलं भोक २२.५ मिमीचं होतं, ते वाढून झालं ३४.२. घरी आल्यावर गुणोत्तरं मांडली. मोटरच्या तोंडाची बाजू साधारण ४२.३ वरून ५६.४, म्हणजे १.३३ पट. भोकांमधलं अंतर १.५२ पट. उंचवटा १.७३ पट. स्केलची आज्ञा सगळ्यांना एकाच आकड्याने गुणते, त्यामुळे कुठलाही आकडा टाकला असता तरी या तिघांपैकी दोघं नाराजच राहिली असती.

मग मधल्या भोकाचं माप तेवढं बदलायचं होतं, असं कुणी म्हणेल. अडचण तिथेच आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल मुळात तयार झालं, तिथे त्याचा सगळा इतिहास असतो: हे स्केच, ही एवढी उंची, हे भोक, ही गोलाई. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये स्केचपॅड या संगणकावर रेखाटण्याच्या प्रोग्रॅममध्ये रेषांना अटी घालून दाखवल्या होत्या. १९८० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या प्रो-इंजिनिअर या कॅड सॉफ्टवेअरने मापं आणि फीचर (भोक, गोलाई असे टप्पे) यांची अशी साखळी उद्योगात रुजवली. साखळीतलं एक माप बदललं की पुढचं सगळं पुन्हा रचलं जातं.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना हा इतिहास गळून पडतो. स्टेप फाइलमध्ये स्टेप्स नसतात, हा विनोद नाही. शाळेत एखादा मुलगा उत्तर तेवढं लिहून रीत खोडून टाकतो, तसा हा प्रकार. स्टेप फाइल ज्यावर बेतलेली असते ते, १९९४ पासून प्रसिद्ध होत असलेलं आयएसओ १०३०३ हे मानक प्रामुख्याने अंतिम आकार पोहोचवतं: पृष्ठभाग, कडा, शिरोबिंदू आणि कोण कुणाला चिकटलंय याची नोंद. ‘भोक’ असा शब्द माझ्या फाइलमध्ये कुठेच नव्हता. एका अक्षाभोवती ११.२५ मिमी त्रिज्येचा एक दंडगोल पृष्ठभाग, एवढंच. अशा इतिहास नसलेल्या आकाराला कॅडवाले सरळ ‘डंब सॉलिड’ म्हणतात.

या मुक्या सॉलिडवर पॅरामेट्रिक स्केल, म्हणजे नाव दिलेल्या, नंतर बदलता येणाऱ्या आकड्यावर (पॅरामीटरवर) चालणारं स्केल, करता येतं का? येतं, पण पॅरामेट्रिक काय होतं ते नीट समजून घ्यावं. मॉडेलच्या आतली मापं जिवंत होत नाहीत. बाहेरून लावलेला गुणक तेवढा जिवंत राहतो. फ्रीकॅड या कॅड सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट केलेल्या वस्तूचा ड्राफ्ट क्लोन (मूळ वस्तूशी जोडलेली नक्कल) करायचा आणि त्याच्या स्केल गुणधर्माला स्प्रेडशीटमधल्या एखाद्या खान्याशी जोडायचं. फ्यूजन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्केल हे टाइमलाइनवरचं फीचर असतं आणि त्यात पॅरामीटरचं नाव लिहिता येतं. ओपनस्कॅड हे तिसरं सॉफ्टवेअर स्टेप फाइल उघडत नाही, पण आकार एसटीएल (त्रिकोणांच्या जाळीची) फाइल करून आणला, तर इम्पोर्टला स्केलमध्ये गुंडाळलं की झालं. माझा एक आग्रह आहे: तिथे १.५२ असा सुटा आकडा लिहू नये, ‘हवं ते अंतर भागिले मूळ अंतर’ असं लिहावं. सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर १.५२ कुठून आलं हे आठवत नाही, भागाकार मात्र स्वतःच सांगतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीला हमखास चुकते. गुणाकार कशापासून? स्केल करताना एक बिंदू जागेवर राहतो आणि बाकीचे सगळे त्याच्यापासून दूर किंवा जवळ सरकतात. तो बिंदू आरंभबिंदू असेल आणि मॉडेल त्याच्यापासून २०० मिमी दूर असेल, तर दुप्पट केल्यावर ते ४०० मिमी दूर जाऊन बसतं, आणि स्क्रीनवर काहीच न दिसल्याने माणूस फाइल बिघडली म्हणून वैतागतो.

आता साहजिक पुढचा विचार: तिन्ही दिशांना वेगवेगळे गुणक द्यावेत. मीही दिले. मोटरच्या दांड्याच्या दिशेने १, बाकी दोन दिशांना १.५२. उभ्या पट्टीची जाडी ४ मिमी राहिली, तिची भोकंही गोल राहिली. पण ब्रॅकेट एल आकाराचा आहे. आडव्या पट्टीची जाडी ६.०८ झाली आणि तिच्यातलं ४.५ मिमीचं गोल भोक ६.८४ बाय ४.५ असं लंबवर्तुळ झालं. वाकाची गोलाईही चपटली.

डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा आत जास्त मोडतोड होते. दंडगोल लक्षात ठेवायला कॅडच्या गणिती गाभ्याला अक्ष आणि त्रिज्या पुरते. असमान ताणल्यावर तो दंडगोल राहत नाही, म्हणून त्याचा बी-स्प्लाइन (नियंत्रण बिंदूंनी वळवलेला) पृष्ठभाग करावा लागतो. फ्रीकॅड ज्या गाभ्यावर उभं आहे त्या ओपन कॅस्केडमध्ये समान आणि असमान बदलांसाठी दोन वेगळी साधनं आहेत ती याचसाठी. दुसरं वापरलं की गोल दिसणाऱ्या भोकालाही कधीकधी व्यास विचारता येत नाही, कारण गाभ्याच्या लेखी तो आता नुसता वळणदार पृष्ठभाग असतो.

एकच गुणक लावणं योग्य ठरतं अशी कामं आहेत. एसटीएल फाइलमध्ये एककच नसतं, त्यामुळे इंचात काढलेला भाग मिलिमीटर समजून उघडला की मुंगीएवढा दिसतो. तिथे २५.४ ने गुणणं हेच बरोबर उत्तर. साच्यातल्या प्लॅस्टिकचं आकुंचन हे दुसरं काम. प्लॅस्टिक थंड होताना २ टक्के आकसत असेल तर साचा १.०२ पट करून चालत नाही, १ भागिले ०.९८ म्हणजे १.०२०४ पट करावा लागतो. ३०० मिमी लांबीवर हा फरक ०.१२ मिमी होतो. प्लॅस्टिकचा प्रकार बदलला की टक्केवारी बदलते, म्हणून इथे गुणक पॅरामीटर असण्याचा खरा उपयोग. बोल्टच्या आट्यांना मात्र स्केलपासून लांब ठेवावं. एम६ चे (६ मिमी व्यासाच्या बोल्टचे) आटे १.१ पट केले तर व्यास ६.६ आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.१ होतो, आणि असा बोल्ट प्रमाणित मापांत मिळत नाही.

माझ्या ब्रॅकेटला शेवटी स्केल लावलंच नाही. उभी पट्टी वाकाच्या थोडी वर सपाट कापून काढून टाकली आणि तिथे नवी पट्टी काढली, स्प्रेडशीटमधल्या चार नावांवर: भोकांमधलं अंतर, भोकाचा व्यास, उंचवट्याचा व्यास, जाडी. इम्पोर्ट केलेल्या सॉलिडपैकी वाक आणि आडवी पट्टी तेवढी उरली, १ पटीत. नवी पट्टी जुन्या वाकापेक्षा रुंद झाल्याने दोन्ही बाजूंना पायऱ्या दिसतात. त्या तशाच ठेवल्या आहेत.