जिमूच्यात: रॉर्क्स ड्रिफ्ट या नावामागचा इतिहास

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलु-नाताळ प्रांतात, उम्झिन्याथी जिल्ह्यातल्या या छोट्या वस्तीला रॉर्क्स ड्रिफ्टही म्हणतात आणि क्वाजिमूही. नाव बदलायची चर्चा निघाली की पहिलं गोऱ्यांचं आणि दुसरं ‘मूळ’ अशी वाटणी होते. ही वाटणी टिकत नाही, कारण दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत.

जेम्स रॉर्क या आयरिश वंशाच्या व्यापाऱ्याने १८४९ मध्ये उम्झिन्याथी नदीच्या, नाताळ या ब्रिटिश वसाहतीकडच्या काठावर जमीन घेऊन घर आणि कोठार बांधलं. उम्झिन्याथी म्हणजे रानरेड्यांचं घर. इंग्रजांनी तिचं नुसतं ‘बफेलो’ केलं. पलीकडचा काठ झुलू राज्याचा.

झुलूत माणसाच्या नावाआधी ‘क्वा’ आला की त्याचं घर, त्याचं ठिकाण. सांगली-कोल्हापूरकडे ‘पाटलांच्यात गेलो होतो’ म्हणतात, तसंच. झुलू शब्द स्वरावर संपतो, म्हणून जेम्सचा जिम आणि जिमचा जिमू. क्वाजिमू म्हणजे ‘जिमूच्यात’. डर्बनजवळचं क्वामाशूही असंच, मार्शल कॅम्पबेल या साखर कारखानदारावरून पडलेलं. ‘क्वा’ दिसला की नाव वसाहतीआधीचं, असं समजणारे इथेच फसतात.

‘ड्रिफ्ट’ म्हणजे नदीचा उतार, पाण्यातून पलीकडे जाता येईल अशी जागा. तो खरा नदीपात्रातला. घर-कोठार तिथून जरा दूर. पावसाळ्यात उतार भरवशाचा नसे, म्हणून तराफे ठेवलेले असत. ११ जानेवारी १८७९ ला ब्रिटिश फौजेने झुलू राज्यात जायला नदी ओलांडली तेव्हा घोडदळ पाण्यातून गेलं आणि पायदळ तराफ्यांवरून.

तोवर रॉर्क वारला होता (१८७५) आणि जागा स्वीडिश मिशनकडे आली होती. मिशनऱ्याने मागच्या टेकडीला आपल्या राजावरून, दुसऱ्या ऑस्करवरून, ओस्कारबर्ग नाव दिलं. झुलू तिला आधीपासून शियाने म्हणत, म्हणजे भुवई. वसाहतीच्या आधीचं नाव हवंच असेल तर ते हे. पण ते टेकडीचं, वस्तीचं नव्हे.

२२-२३ जानेवारी १८७९ ला ब्रिटिश शिपायांनी इथे झुलू सैन्याला थोपवलं, ती लढाई प्रसिद्ध आहे. रॉर्कचं घर इस्पितळ झालं होतं आणि कोठाराचं गुदाम. या एका लढाईसाठी ११ व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनची शौर्याची सर्वोच्च पदकं, वाटली गेली, आणि नदीपात्रातल्या उताराचं नाव मिशनच्या आवाराला कायमचं चिकटलं. त्याच दिवशी थोड्या अंतरावर इसान्ड्लवानाला ब्रिटिशांचा झालेला दणदणीत पराभव झाकायला ही पदकं सोयीची होती, हेही खरं. पुढे चित्रपटाने गोंधळात भर घातली. १९६४ चा ‘झुलू’ हा या लढाईवरचा चित्रपट ड्रॅकन्सबर्गच्या पायथ्याशी चित्रित झाला. त्यातले कडे शोधत येणाऱ्यांना इथे साधी टेकडी दिसते.

नावाला दुसरा अर्थ आला तो १९६३ नंतर. उम्फुमुलोला सुरू झालेलं लुथरन चर्चचं कला-हस्तकला केंद्र त्या वर्षी इथे आलं. विणलेल्या भित्तिपटांसाठी, मातीच्या भांड्यांसाठी आणि लिनोवर (लिनोलियमच्या पत्र्यावर) कोरून काढलेल्या काळ्या-पांढऱ्या छापचित्रांसाठी ते ओळखलं जाऊ लागलं. १९६८ ते १९८२ या काळात तिथे ललितकलेचा अभ्यासक्रम चालला. वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना असं शिक्षण मिळण्याच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. कलेच्या जगात आज ‘रॉर्क्स ड्रिफ्ट’ म्हटलं की आधी ही छापचित्रं आठवतात, मग लढाई.

जुनी कागदपत्रं चाळताना म्हणून एका नावावर भागत नाही. लष्करी कागदांत रॉर्क्स ड्रिफ्ट पाहावं, मिशनच्या कागदांत ओस्कारबर्ग, आणि झुलू आठवणींत क्वाजिमू किंवा शियाने.