खानदेशच्या उन्हात कोणती कोंबडी, कसलं खुराडं?

कोंबड्या पाळायच्या ठरल्या की माणूस आधी जात विचारतो, गिरिराज घेऊ की कडकनाथ? जळगाव-भुसावळकडे आधी छपराचं विचारावं. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांना भिडतो, आणि कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास गरम. हवा अंगाहून तापली की ती अंगातली उष्णता काढून नेत नाही, उलट भर घालते. कोंबडीला घामाच्या ग्रंथीही नसतात. मग चोच उघडून धापा टाकायच्या आणि श्वासावाटे पाण्याची वाफ होऊन जेवढा गारवा मिळेल तेवढ्यावर भागवायचं.

या धापा अंड्याला महागात पडतात. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. अंड्याचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, आणि त्यातलं कार्बोनेट बनायला हाच वायू लागतो. म्हणून उन्हाळ्यात कवच पातळ येतं. कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा कितीही खाऊ घाला, सावलीची उणीव त्याने भरून निघत नाही.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन अरुंद बाजूंवरच पडेल. उत्तर-दक्षिणेला जाळी. तीही बारीक आणि जमिनीत गाडलेली, कारण मुंगसाला पोकळ माती पुरते. तापलेला पत्रा सावलीतही खाली आग ओकत राहतो, त्यावर कडब्याचा जाड थर हवाच. (पऱ्हाट्या फुकट मिळतात, पण त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, त्या छपरावर टाकू नका, शेजारच्या कपाशीवर उपकार करा.) आपलं वैशाखातलं ऊन कोरडं, त्यामुळे जाळीवर सोडलेलं ओलं गोणपाट छान गारवा देतं. मात्र चारही बाजू बंद केल्या की आत दमट होतं, वाफ होणं मंदावतं आणि धापा वाया जातात. कोंबडीमागे निदान दोन चौरस फूट जागा ठेवा.

आता जात. भारी अंगाच्या पक्ष्यात उष्णता जास्त कोंडते, तेव्हा सुरुवातीला हलक्या गावरान कोंबड्या बऱ्या. उघड्या मानेच्या मिळाल्या तर उत्तमच. पिसं कमी म्हणून उष्णता लवकर निघते. दिसायला ओबडधोबड, म्हणून लोक उगीच नाकं मुरडतात. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याचा बोलबाला फार. पण अंडी हवी असतील तर तो निवडू नका, वर्षाला जेमतेम शंभरेक मिळतात.

घेताना अंड्यावर येऊ घातलेली, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस टोचलेली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, घ्या. तुरा लालबुंद, डोळे तरतरीत आणि शेपटीखालची जागा स्वच्छ असावी. आठवडे बाजारातून आणलेली कोंबडी थेट घरच्या कोंबड्यांत सोडू नका. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच नवापूरला झाला होता. दोन-तीन आठवडे तिला वेगळं ठेवा, आणि दाणा-पाणी घरच्या कोंबड्यांना आधी, तिला नंतर.