प्रीमियर पद्मिनीचा जीर्णोद्धार

प्रीमियर पद्मिनीचा जीर्णोद्धार : मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात बनलेली पद्मिनी ही मोटार घरच्या आवारात खोलून मूळ रूपात आणणे, किंवा आवडीप्रमाणे तिच्यात फेरफार करणे. हौशी मंडळी पहिल्या कामाला ‘रिस्टोअर’ आणि दुसऱ्याला ‘मॉडिफाय’ म्हणतात. एकाच गाडीवर दोन्ही झालेली दिसतात.

मूळ रूप कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने पन्नाशीच्या दशकात इटलीतील फियाट कंपनीची ‘११००’ ही गाडी भारतात आणली. तिचे गोलसर बांध्याचे आरंभीचे रूप म्हणजे मराठीत रूढ असलेली ‘डुक्कर फियाट’. हे नाव पुढच्या जाळीच्या मुस्कटावरून पडले असे काही सांगतात, तर काही फुगीर पाठीवरून. नंतरच्या कोनदार गाड्यांना ते कोणी लावत नाही, तेव्हा एकूण बांध्यावरूनच ते आले असावे, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. ओळखायची साधी खूण दारांत आहे : डुक्कर फियाटच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या कडेला असतात, पद्मिनीच्या पुढच्या कडेला. १९६४ च्या सुमारास ‘११०० डिलाइट’ आली. १९७२-७३ च्या आसपास ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि सामान्यतः १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून विकली जाऊ लागली. पद्मिनी हे नाव चितोडच्या राणीवरून घेतले असे बहुतेक ठिकाणी नमूद आहे. ते बायकांचे प्रचलित नाव होते, एवढेच कारण पुरेसे मानणारेही आहेत. लोकांनी मात्र तिला अखेरपर्यंत ‘फियाट’च म्हटले. नावे बदलली तरी सांगाडा जवळपास तोच राहिला. त्यामुळे एका गाडीची जाळी, दुसरीचे दिवे आणि तिसरीची नावपट्टी अशी सरमिसळ सर्रास आढळते; अशी गाडी मूळ रूपात आहे म्हणणे धाडसाचे ठरते.

इंजिन चार सिलिंडरांचे, १,०८९ घन सेंमी. (सीसी) क्षमतेचे, ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. गाडी तापू दिली की हेड, म्हणजे ब्लॉकवरचे झाकण, वाकते आणि दोहोंमधली गॅस्केट ही पातळ चकती जाते, म्हणून हेड उतरवल्यावर फेसिंग करून, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करून घेतात. चार वेगांचा गिअर सुकाणूच्या दांड्यावर, म्हणजे ‘हँड गिअर’, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, मागच्या चाकांवर पाट्यांच्या स्प्रिंगा. इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाहीच. कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा), पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे) आणि टॅपेट (झडपांची फट ठरवणारे) जमले की गाडी चालते, आणि या तिन्ही गोष्टी घरी जमण्यासारख्या आहेत. नट-बोल्ट मिलिमीटर मापाचे असल्याने साधे पान्यांचे संच चालतात. अँबॅसिडरवाल्यांना इंची पाने शोधावे लागतात. गंजलेला बोल्ट जोराने फिरवू नये. रात्रभर डिझेलमध्ये मुरवला की सकाळी बहुधा सुटतो.

खरे काम पत्र्याचे. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही, बॉडी हीच तिची चासी. त्यामुळे दाराखालची पट्टी किंवा पायाखालचा पत्रा सडला की ते केवळ शोभेचे नुकसान राहत नाही, गाडी मध्येच लवू लागते. कोकणपट्टीच्या पावसात हे लवकर होते. जुनी गाडी घेताना फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक अंगावरून फिरवतात. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. असा भाग पुट्टी खरवडून उघडाच करावा लागतो. सडका तुकडा कापून नवा पत्रा झाळायचा असेल, तर आधी दारे बसवून त्यांच्या फटी मोजतात आणि आतून आधार देतात. हे टाळले तर झाळल्यावर दार लागत नाही. एवढे एक काम मेस्त्रीकडे सोपवणे शहाणपणाचे, असे हे काम करणारे बहुतेक सांगतात. त्यानंतर प्रायमर, सर्फेसर (बारीक खाचा भरणारा थर), पाण्याचा पॉलिश पेपर आणि रंग, हा क्रम सर्वांना ठाऊक असतो.

सुटे भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोर बाजारात, पुण्यात जुन्या बाजारात धुंडाळले जातात. टॅक्सीच्या भंगारातून निघालेला माल हा फार मोठा आधार होता. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, आणि भंगाराचा हा झराही आटणार हे उघड आहे. रबराचे भाग मात्र जुने मिळाले तरी घेऊ नयेत. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या नळ्या फुगतात व चिरतात.

फेरफारांत जमिनीवरचा गिअर, पुढे डिस्क ब्रेक, बकेट सीट, बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनॅमोऐवजी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर हे नेहमीचे. यांतल्या अल्टरनेटरला कोणी नावे ठेवत नाही. इंजिन बदलण्याची बाब वेगळी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही तरतूद कडकपणेच वाचली. रंग बदलल्यास तोही प्रमाणपत्रावर चढवून घ्यावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण.

‘व्हिंटेज’ शब्द पद्मिनीला सैलपणे लावला जातो. जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिव्हा’ तीस वर्षांपुढचे वाहन ऐतिहासिक मानतो. भारतात जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि ठळक फेरफार न झालेलीच गाडी व्हिंटेज ठरते; तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, पण ती रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. पद्मिनी या नावाच्या सर्वांत आधीच्या गाड्या आत्ता कुठे या वयात येत आहेत. ऐंशीच्या दशकातल्या, म्हणजे आवारांत सहसा दिसणाऱ्या गाड्यांना अजून अवकाश आहे.